‘चांगला घडवलेला’ म्हणजे काय? : थेंबाच्या आकाराचा हिरा, जुने कॅरट आणि माझी एक चूक

मागच्या दिवाळीत माझी मावसबहीण मला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेली. तिला साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा घ्यायचा होता, आणि तोही गोल नाही, पेअर शेप. म्हणजे एक टोक गोल आणि दुसरं निमुळतं, पाण्याच्या थेंबासारखा किंवा नासपतीसारखा. काउंटरवर दोन हिरे ठेवलेले होते. ती म्हणाली, “तू हिऱ्यांवरच पीएचडी करतेयस ना गं? मग सांग की, यातला चांगला कुठला?”

मला सांगता येईना. गोवळकोंड्याचा हिरे-व्यापार, १८१८ नंतर दख्खनमधून लंडनला गेलेली जवाहिरं, लिलावांच्या याद्या असं बरंच काही मी वाचलं होतं. माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात “हा हिरा उत्तम घडवलेला होता” आणि “हा ओबडधोबड होता” अशी वाक्यंही होती. पण समोर ठेवलेल्या दोन खड्यांमधला उत्तम कुठला, हे मला ओळखता येत नव्हतं. मग ती वाक्यं मी कशाच्या जोरावर लिहिली होती?

पुढच्या भेटीत सरांनी नेमकं तेच विचारलं. मसुद्यातल्या ‘उत्तम घडवलेला’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करून ते म्हणाले, “हे तुझं मत आहे, की त्या काळातल्या कुणाचं? आणि त्याचं असेल, तर त्याचा त्यात काय फायदा होता?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही नेट-सेटची तयारी करत असाल किंवा पहिला सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर तुमचा विषय हिरे नसला तरी हा प्रश्न तुमच्या वाट्याला येणारच आहे.

आधी खडा बघायला शिकू या

इतिहासाच्या माणसाने वस्तू हातात घ्यायला शिकलं पाहिजे, हे मी उशिरा शिकले. त्यामुळे आधी तेवढं समजून घेऊ.

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर योग्य कोनात पडला, तर बाहेर न निसटता परत वर येतो. तो परत आलेला प्रकाश म्हणजेच आपण म्हणतो ती चमक. खालचा भाग फार उथळ असेल, तर प्रकाश आरपार जातो आणि मधोमध काचेसारखं पाणचट दिसतं. फार खोल असेल, तर प्रकाश बाजूने निघून जातो आणि वजनही पोटात दडून राहतं. असा खडा काट्यावर मोठा भरतो, पण बोटावर लहान दिसतो.

गोल हिरा सगळीकडून सारखा असतो, म्हणून त्याच्या कोनांचं गणित मांडणं तुलनेने सोपं. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. पेअरचं तसं नाही. त्याची लांबी जास्त आणि रुंदी कमी, त्यामुळे खालच्या पैलूंचा उतार लांबीच्या दिशेने एक आणि रुंदीच्या दिशेने दुसरा. याचा परिणाम म्हणजे मधोमध आडवी पडणारी काळसर सावली. ती फुलपाखरासारख्या गाठीची दिसते, म्हणून व्यापारात तिला ‘बो-टाय’ म्हणतात. बघणाऱ्याचं डोकंच तिथे येणारा प्रकाश अडवतं. बहुतेक पेअरमध्ये ती थोडीफार असतेच. खडा हलवल्यावर ती उजळते की तशीच काळी राहते, एवढं बघायचं.

बाकी गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. टोकापासून गोल बाजूच्या मध्यापर्यंत मनात एक रेघ ओढा. दोन्ही बाजू सारख्या भरतात का? खांदे गोलसर आहेत की एक चपटा? टोकाकडे जाणाऱ्या कडांना हलका बाक आहे की त्या आत दबल्यात? टोक फार पातळ असेल तर टवका उडायची भीती, म्हणून कोंदणात त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पकड देतात. लांबी-रुंदीचं प्रमाण साधारण दीड ते पावणेदोन असलं, तर बहुतेकांच्या नजरेला बरं वाटतं. पण ते आवडीवर आहे.

आता महत्त्वाचं. जीआयए ही प्रयोगशाळा २००६ पासून प्रमाणपत्रावर ‘कट’ची एकूण श्रेणी देते, पण ती गोल ब्रिलियंटसाठी. पेअरच्या प्रमाणपत्रावर रंग, शुद्धता, वजन, मापं, पॉलिश, सममिती हे सगळं मिळतं; ‘घडण उत्तम’ असा एकच शेरा मिळत नाही. म्हणजे आजसुद्धा पेअरची घडण डोळ्यांनी बघूनच ठरवावी लागते. सगळी उपकरणं हाताशी असताना ही स्थिती, तर दोनशे वर्षांपूर्वी कुणी ‘उत्तम’ किंवा ‘वाईट’ असं लिहून ठेवलं, ते आपण मोजमाप म्हणून कसं वाचणार? ते मत होतं, आणि मताला मालक असतो.

वजन वाचवायचं की प्रकाश?

ज्याँ-बाप्तिस्त टॅव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर अनेकदा येऊन गेला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापलं गेलं. आपल्यापैकी बहुतेक जण व्हॅलेंटाइन बॉलच्या १८८९ च्या इंग्रजी भाषांतरातून ते वाचतात. भारतीय कारागिरांबद्दल तो साधारण असं सांगतो : खडा स्वच्छ असेल तर ते त्याला वरखाली जेमतेम चाक लावतात, वजन घटू नये म्हणून आकार द्यायला जात नाहीत, खड्यात दोष असेल तर मात्र सगळीकडून बारीक पैलू पाडतात, म्हणजे दोष नजरेला पडत नाही. भारतीय पॉलिशला युरोपातल्यासारखी झळाळी येत नाही, असंही तो म्हणतो.

हा उतारा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘भारतीय घडण मागासलेली होती’ याचा पुरावा म्हणून टिपून ठेवला. परत वाचताना दिसलं की यातला पहिला भाग कौशल्याबद्दल नाहीच. तो निवडीबद्दल आहे. ज्या बाजारात वजनाला किंमत आहे, तिथे वजन राखणं हीच चांगली घडण. आणि पैलूंनी दोष झाकणं हे तर अवघड काम. शिवाय सांगणारा कोण? खडे विकत घेऊन युरोपात विकणारा माणूस. कुठला पैलू दोष लपवतो, हे त्याला खरेदीसाठी कळणं गरजेचं होतं. त्याची नजर खरेदीदाराची आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण ती कुठून बघते आहे ते आपल्याला कळतं.

आणि वजनाचा हा मोह फक्त भारतातला होता, असंही नाही. लंडनचा जवाहिऱ्या डेव्हिड जेफ्रीज याने १७५० मध्ये हिरे-मोत्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात किमतीचा वर्गाचा नियम आहे : सारख्या घडणीच्या खड्यांत वजन दुप्पट झालं, तर किंमत चौपट. टॅव्हर्निएकडेही याच धर्तीचा हिशोब सापडतो. या नियमाने घासून कमी झालेला प्रत्येक कॅरट दुपटीने बोचतो. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्काटचे दोन थेंब

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नवाब मुहम्मद अली खान वालाजाह याने इंग्लंडची राणी शार्लट हिला हिरे भेट दिले. त्यांत दोन मोठे पेअर होते. राणी १८१८ मध्ये वारली. नवाबाकडून आलेले हिरे विकून पैसे मुलींना द्यावेत, अशी तिची इच्छा होती. पुढे ते रंडेल अँड ब्रिज या राजजवाहिऱ्यांकडे आले, आणि १८३७ मध्ये लंडनच्या विलिसेस रूम्समध्ये लिलावात निघाले. मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने ही जोडी ११,००० पौंडांना घेतली. त्याच लिलावात त्याने आणखी एक हिरा घेतला, त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

१९५९ मध्ये त्या घराण्याचा मुकुट लंडनला सदबीजमध्ये लिलावाला आला. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो १,१०,००० पौंडांना घेतला. तेव्हा दोन पेअरची वजनं ३३.७० आणि २३.६५ कॅरट नोंदलेली आहेत. विन्स्टनने दोन्ही परत घासले. मोठा ३०.९९ चा झाला, धाकटा १८.८५ चा. धाकटा नंतर पुन्हा घासला गेला. २०१९ मध्ये तो न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात आला तेव्हा १७.२१ कॅरटचा होता.

आता हिशोब करा. मोठ्याचे सुमारे ८ टक्के गेले. धाकट्याचे दोन वेळा मिळून ६.४४ कॅरट, म्हणजे २७ टक्के गेले. वजनात बघितलं तर सव्वा ग्रॅमपेक्षा जरासं जास्त. जेफ्रीजचा वर्गाचा नियम नुसता वजनाला लावला, तर धाकट्याची किंमत जवळपास निम्म्यावर येते. अठराव्या शतकातल्या जवाहिऱ्याला हे वेडेपण वाटलं असतं. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या व्यापाऱ्याला वाटलं नाही, कारण त्याच्या बाजारात निर्दोष शुद्धता आणि प्रकाशाचा खेळ यांना वजनापेक्षा जास्त भाव मिळण्याची शक्यता होती.

म्हणजे एकच खडा आणि तीन ‘चांगल्या’ घडणी. पहिली भेटीतली, राणीच्या अंगावर शोभलेली. दुसरी विन्स्टनची. तिसरी त्यानंतरची. यातली उत्तम कुठली, हा प्रश्न मी सोडून दिला. त्याजागी हा घेतला : कुठल्या बाजाराने कुठली घडण उत्तम ठरवली, आणि त्यासाठी काय घासून टाकलं? सिनॉप्सिसमध्ये ‘उत्तम’, ‘अस्सल’, ‘मागास’, ‘ऱ्हास’ असा शब्द आला की त्याला हाच प्रश्न विचारून बघा. बऱ्याचदा खरा संशोधन-प्रश्न तिथेच दडलेला असतो.

माझी चूक : नाशिकचा हिरा आणि दोन प्रकारचे कॅरट

१८३७ च्या त्या लिलावात मार्क्विसने घेतलेला दुसरा हिरा म्हणजे ‘नस्सक’, आपल्या नाशिकच्या नावाचा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, अशी परंपरा आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर तो दख्खनच्या लुटीतला ऐवज म्हणून इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला गेला. तिथे रंडेल अँड ब्रिजने तो नव्याने घासला. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टननेच तो घेतला आणि पुन्हा घासून चौकोनी एमराल्ड कटमध्ये आणला, ४३.३८ कॅरटचा.

लंडनमधल्या पहिल्या घासणीत किती वजन गेलं, हे मला दाखवायचं होतं. एका ठिकाणी मूळ वजन ८९¾ मिळालं. दुसऱ्या ठिकाणी घासल्यानंतरचं ८०.५९. वजाबाकी केली : ९.१६ कॅरट, सुमारे १० टक्के. त्यावर मी एक सुबक परिच्छेद लिहिला, ‘लंडनच्या कारागिरांनी वजन बऱ्यापैकी राखलं’ असा. तो एका चर्चासत्राच्या निबंधात जाणार होता.

मग जुन्या इंग्रजी पुस्तकांत घासल्यानंतरचं वजन ७८⅝ दिसू लागलं. आधी वाटलं, छपाईची चूक असेल. मग वाटलं, मध्ये आणखी एकदा घासला की काय? पण घासलेला हिरा ७८ वरून ८० वर कसा जाईल? हिरा काही वाढत नाही.

उत्तर वजनमापात होतं. आज आपण वापरतो तो २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला, आणि नंतर एकेका देशाने स्वीकारला. त्याआधी लंडनचा कॅरट साधारण २०५ मिलिग्रॅमचा होता, आणि शहरागणिक थोडा फरक होता. ७८⅝ ला २०५ ने गुणून २०० ने भागा. ८०.५९ येतात. दोन्ही आकडे एकाच खड्याचे, मापं वेगळी. मी जुन्या कॅरटमधून मेट्रिक कॅरट वजा केले होते. खरी घट ११⅛ जुने कॅरट, म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त. ‘बऱ्यापैकी राखलं’ हे वाक्य त्या आकड्यावर टिकत नव्हतं.

ही चूक फक्त माझी असती तर मी गप्प बसले असते. पण कोहिनूरबद्दल ‘१८६ कॅरटचा हिरा १८५२ मध्ये घासून १०५.६ चा केला’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल. त्यातले १८६ जुने आहेत आणि १०५.६ मेट्रिक. मेट्रिकमध्ये मूळ वजन सुमारे १९१ होतं. म्हणजे लंडनमध्ये जे गेलं, ते या प्रसिद्ध वाक्यात पाच कॅरटनी कमी दिसतं. यात कुणाचा कट नाही. दोन आकडे दोन पुस्तकांतून उचलले, आणि कुणी एकक विचारलं नाही, इतकंच.

तुमच्या विषयात कॅरट नसेल. पण बिघा असेल, खंडी असेल, शेर असेल, होन असेल, फसली सन असेल. सारणी करण्याआधी प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना ठेवा : माप कुठलं, कुठल्या गावचं, कुठल्या वर्षीचं. मी आता हा रकाना लाल शाईत ठेवते.

पूर्वज फार मोठा असतो तेव्हा

अजून एक सापळा सांगते, कारण माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर तो होता. ‘हिऱ्याला पैलू पाडायची कला ब्रुजच्या लुई द बर्केनने १४७६ च्या सुमारास शोधली, थेंबाच्या आकाराचा पहिला हिराही त्याचाच.’ ही गोष्ट असंख्य ठिकाणी मिळते, अँटवर्पमध्ये या माणसाचा पुतळाही आहे.

माग काढत गेलात की वाट एका पुस्तकाशी येऊन थांबते. ते १६६१ मध्ये पॅरिसच्या रोबेर द बर्केन या सराफाने लिहिलं. आडनाव बघा. तो आपल्याच पूर्वजाबद्दल लिहितो आहे, घटनेनंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी. उलट, हिरे घासणारे कारागीर त्याआधीच युरोपातल्या शहरांत होते. म्हणून आज अभ्यासक ही कथा शोधाचा इतिहास म्हणून घेत नाहीत.

पण ती फेकूनही देऊ नका. १६६१ मध्ये एका सराफाला आपल्या घराण्याला हिऱ्याच्या कलेचं जनकत्व का द्यावंसं वाटलं, हा प्रश्न चांगला आहे. फक्त तो सतराव्या शतकाबद्दलचा आहे, पंधराव्या नव्हे. आणि एकच गोष्ट पन्नास पुस्तकांत आली, तरी त्या सगळ्यांचा उगम एक असेल, तर साक्षीदार एकच.

जे परत येत नाही

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय टोचलं ते सांगते. गोवळकोंड्याच्या बाजूला कुणीतरी अनाम कारागिराने नस्सकला पहिला आकार दिला. कुठली कड ठेवायची, कुठे चाक लावायचं, हा त्याचा निर्णय त्या खड्यावरच लिहिलेला होता. त्याने कागद ठेवला नाही, किंवा असला तरी आपल्यापर्यंत आला नाही. दगड हाच त्याचा दस्तऐवज होता. पहिल्या घासणीत त्यातलं काही गेलं, दुसऱ्यात बाकीचं. उरलं काय, तर ज्यांनी घासलं आणि विकलं त्यांची ‘मूळ घडण वाईट होती’ ही साक्ष.

अशा ठिकाणी न्यायाधीश व्हायची घाई करू नका, दोन्ही बाजूंनी. ‘आमचे कारागीर श्रेष्ठच होते’ हेही पुराव्याशिवाय लिहिता येणार नाही. लिहिता येतं ते इतकं : त्यांचा निर्णय काय असू शकतो, तो कुठल्या बाजारात शहाणपणाचा होता, आणि त्याच्याविरुद्धची साक्ष कोणाची आहे. मसुद्यातलं माझं ‘ओबडधोबड’ मी काढलं. त्याऐवजी आलेलं वाक्य लांबलचक आहे, पण त्यामागे मला उभं राहता येतं.

शेवटी दुकानात काय झालं?

सरांशी बोलणं झाल्यावर मी मावसबहिणीबरोबर परत त्या दुकानात गेले. दोन हिरे होते : एक १.०१ कॅरटचा, एक ०.९३ चा. विक्रेता पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मॅडम, हा एक कॅरटच्या वर आहे.” मला टॅव्हर्निए आठवला. एकचा आकडा ओलांडला की भाव उडी मारतो, म्हणून घासणारा तो आकडा सांभाळतो.

आम्ही दोन्ही खडे खिडकीच्या उजेडात नेले, दिव्यांखाली नाही. १.०१ चा पोटात जाड होता. वरून बघितलं तर दुसऱ्यापेक्षा लहान दिसत होता, मधली काळी गाठ हलवूनही जाईना, आणि एक खांदा चपटा होता. ०.९३ चा पसरट, दोन्ही बाजू सारख्या, सावली होती पण हलवली की उजळत होती. “हा,” ती म्हणाली. मी काही बोलायच्या आधीच.

विक्रेत्याने विचारलं, “कशावरून ठरवलंत?” तिने पटापट कारणं सांगितली : उजेड, खांदा, टोक, वजन कुठे गेलंय ते. कारणं तपासता येण्यासारखी होती. माझ्या मसुद्यातल्या ‘उत्तम घडवलेला’ला ती सोय नव्हती.

तर आजचं काम. तुमचा सिनॉप्सिस उघडा. त्यातली पाच विशेषणं शोधा. प्रत्येकापुढे लिहा : हे कोण म्हणालं, कधी, कुठल्या मापाने, आणि त्यात त्याचा काय फायदा होता? ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. तुमच्या गाइडने करायच्या आधी.